उतरलेला गंधार

डोंबिवली पूर्वेला आमच्या तळमजल्याच्या घरात, पुढच्या खोलीत, मी गाणं शिकवते. लग्न होऊन इथे आले तेव्हा शेजारच्या दोन मुली यायच्या. आता आठवड्यातले बरेच दिवस क्लास असतो. शिकणारे बहुतेक हौसेने येतात. कुणाला परीक्षा द्यायच्या असतात, कुणाला सोसायटीच्या गणपतीत म्हणायचं असतं, काहींना नोकरीतून सुटल्यावर राहून गेलेली गोष्ट करायची असते. त्यांतून खरंच गाणारं माणूस क्वचित निघतं. मला इतक्या वर्षांत असा एकच मुलगा मिळाला. त्याच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, म्हणून हे मी टाळत आले.

तो ठाकुर्लीहून यायचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आला आणि नोकरी लागल्यावरही टिकला. ऑफिस माजिवड्याला, काम कॉम्प्युटरचं, पाळ्या सारख्या बदलणाऱ्या. तरी रविवार सकाळचा क्लास त्याने सहसा चुकवला नाही. वडील लवकर गेलेले. घरी फक्त आई. ती एका शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली.

त्याच्या गाण्यात चूक सापडत नसे. सांगितलेलं सगळं तो घोटून यायचा. ताना स्वच्छ, समेवर येणं बिनचूक. आणि तरी त्याचं गाणं ऐकताना माझं लक्ष स्वयंपाकघरातल्या कुकरकडे जायचं. तो परीक्षेला बसल्यासारखा गायचा. प्रत्येक स्वर लावून झाला की चोरून माझ्या चेहऱ्याकडे बघायचा, बरोबर आला ना म्हणून. मी त्याला सारखी म्हणायचे, "सोड रे. इतकं धरून नको ठेवूस. जरा सैल सोड स्वतःला."

"कसं सोडायचं, बाई?" तो विचारायचा.

मग मी बुवांच्या गोष्टी सांगायचे.

बुवा म्हणजे माझे गुरू. कल्याणला पारनाक्याजवळ एका चाळीत राहायचे. मी शाळा संपता संपता त्यांच्याकडे जाऊ लागले आणि लग्नापर्यंत शिकले. संध्याकाळी ते भांगेची गोळी घ्यायचे, वर दूध प्यायचे, आणि मग तंबोरे जुळायचे. एकदा गोळी चढली की बुवा एकाच स्वरावर इतका वेळ बसायचे की बाहेरून वरातीचा बँड वाजत गेला तरी त्यांना पत्ता नसायचा. हे मी मोठ्या रंगात सांगत असे. बुवांची मान कशी डोलायची, दूध कसं मिशीला लागायचं, ते डोळे मिटून "हं, आता आला बघ, आता आला" असं स्वराला कसं बोलवायचे, याची मी नक्कल करायचे. मुलं हसायची. मीही हसायचे. शेवटी म्हणायचे, "त्या लोकांची गोष्टच वेगळी होती. देहभान सुटल्याशिवाय गाणं येत नाही."

तो हसायचा नाही. तो ऐकायचा.

एका रविवारी तो उशिरा आला. बाकीच्यांचं म्हणून झालं होतं. डोळे लाल दिसले म्हणून मी विचारलं, "रात्रपाळी होती का रे?"

"हो बाई," म्हणाला आणि बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायला.

तोडी राग चालू होता. तोडीतला गंधार कोमल असतो, पण नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही तो थोडा खाली लागतो. किती खाली, ते पेटीवर दाखवता येत नाही, कारण पेटीत ती पट्टीच नाही. ते कानानेच ठरवायचं असतं आणि गुरूच्या कानावरून शिष्याच्या कानात यायचं असतं. त्या मुलाचा गंधार तोवर पेटीतल्यासारखाच लागत होता, सरळ आणि कोरडा.

त्या दिवशी त्याने षड्ज लावला आणि तो बराच वेळ हललाच नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मग सावकाश रिषभावरून गंधारावर आला आणि तिथे बसला. तो गंधार खोल होता, ओला होता. माझ्या अंगावर काटा आला. बुवा गेल्यानंतर असा गंधार मी कुणाच्याही गळ्यातून ऐकला नव्हता, असं मला वाटलं. तो पुढे गात राहिला; मधल्या जागा लांबत गेल्या, आणि मी पदराने डोळे पुसत बसले. क्लासमधली एक मुलगी नेहमीप्रमाणे फोनवर रेकॉर्ड करत होती.

तो थांबल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आज तू पहिल्यांदा गायलास." आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? तुम्ही स्वर लावता. हा आज स्वरात जाऊन बसला."

त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. इतक्या वर्षांत मी त्याला असं काही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर त्याचं दोन तऱ्हेचं गाणं सुरू झालं. कधी तो तसाच यायचा, लाल डोळ्यांनी, गप्प, आणि गाणं पसरत जायचं. कधी जुनाच, घोटलेला, माझ्याकडे बघणारा. कोरड्या दिवशी मी चिडायचे. "त्या रविवारी कसं आलं होतं? तसं का येत नाही?" तो मान खाली घालायचा. पुढच्या खेपेला तो तसा यायचा आणि मी खूश व्हायचे. मी त्याला काय करायला लावत होते ते मला ठाऊक नव्हतं, असं आज म्हणता येईल. पण लाल डोळे दिसत होते. त्याची कोरडी जीभ, सारखं पाणी पिणं, नको तिथे हसणं, हेही दिसत होतं. बुवांच्या बैठकीत बसलेल्या बाईला ते ओळखायला किती वेळ लागावा? मी रात्रपाळीवर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता.

पुढे ठाण्याच्या एका छोट्या संगीत मंडळाने कुणी तरुण गायक सुचवा म्हणून विचारलं. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी ते एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बैठक ठेवतात. मी लगेच त्याचं नाव दिलं. माझ्या क्लासमधून आजवर कुणी असं बाहेर गायलं नव्हतं, आणि त्याची बैठक म्हणजे आपलीच बैठक, असं मनात होतं.

बैठक जवळ आली आणि तो सलग दोन रविवार आला नाही. फोनवर म्हणाला, ताप आहे. एका दुपारी मी रिक्षा करून त्याच्या घरी गेले. तो औषध आणायला खाली गेला होता. आईने दार उघडलं. त्यांना मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी मला त्याच्याच खोलीत नेऊन बसवलं, कारण बाहेरच्या खोलीत पापड वाळत घातले होते.

खोलीची खिडकी उघडी होती, तरी तो वास भिंतींना बसला होता. ओल्या गवतासारखा, जळकट, गोडसर. बुवांकडे कधीकधी चिलीम ओढणारे लोक यायचे. त्यांच्या अंगाला हाच वास असायचा. मला क्षणात कळलं.

त्या चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "बाई, एक विचारू का?"

"विचारा ना."

"तो रियाजाला बसला की दार लावून घेतो आणि धूप लावतो. वास फार उग्र येतो हो. मी म्हटलं, कसला रे हा धूप, तर म्हणाला, बाईंनी सांगितलाय. मन एकाग्र होतं म्हणे." त्या थोड्या थांबल्या. माझ्याकडे बघत होत्या. "तुम्हीच सांगितलाय ना?"

मला हो म्हणायचं काही कारण नव्हतं. नाही म्हटलं असतं तर पुढे काय काय बोलावं लागलं असतं, ते सगळं मला एकदम दिसलं: त्या बाईंचं रडणं, त्याची बैठक रद्द होणं, ठाण्याच्या लोकांना फोन करणं. आणि तो गंधार पुन्हा कानावर न पडणं, हेही दिसलं.

"हो," मी म्हणाले. "मीच सांगितलंय. थोडा वेळ लावू दे."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळे माझ्यावरून काढले, चहात साखर बरोबर आहे का विचारलं आणि मग तो विषय पुन्हा काढला नाही.

तो परत आला तेव्हा मला तिथे बघून त्याचा चेहरा उतरला. निघताना म्हटलं, "जरा रिक्षापर्यंत चल." खाली रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीशी उभं राहून मी त्याला विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

त्याने आडवळण घेतलं नाही. "ऑफिसातल्या पोरांबरोबर एकदा गांजा ओढलेला. मग घरी येऊन तंबोरा लावला. बाई, मी तसा तंबोरा कधी ऐकलाच नव्हता. चार तारा नाही वाटत, आठ-दहा आवाज येतात आतून. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायची घाईच राहत नाही. मधली जागा एवढी मोठी होते की तिथे बसता येतं. आणि भीती जाते. मला गाताना भीती वाटते ना, ती जातेच पूर्ण."

मी ऐकत होते आणि रागवायच्या ऐवजी मला त्याचा हेवा वाटत होता. मी जन्मभर तंबोऱ्याशेजारी बसले आहे. मला त्यातून आठ-दहा आवाज कधी ऐकू आले नाहीत. बुवांना ऐकू येत असतील. मी त्यांच्या मागे बसून तारा छेडत असे.

"हे वाईट आहे," मी म्हणाले.

"बुवांचं चालायचं ना?" त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तो खरंच विचारत होता. "तुम्हीच सांगितलेलं, देहभान सुटल्याशिवाय येत नाही. आणि त्या रविवारी तुम्हीच म्हणालात की मी पहिल्यांदा गायलो."

मी बुवांच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. शेवटच्या वर्षांत काय झालं ते मी क्लासमध्ये कधी काढलं नाही. बुवा एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायचे आणि दर वेळी नवीन काही सुचल्यासारखे खूश व्हायचे. त्यांचा षड्ज हलायचा, म्हणून आम्ही मागे बसलेल्या मुली हळूच आमचा षड्ज लावून त्यांना उचलून धरायचो आणि वाहवा त्यांना मिळायची. एकदा काकूंनी, म्हणजे बुवांच्या बायकोने, गोळी द्यायला नकार दिला तर त्यांनी दुधाचा पेला भिंतीवर मारला. गोळी नसलेल्या दिवशी त्यांना तंबोरा सहन व्हायचा नाही. म्हणायचे, "हा मेलाय. याच्यात काही उरलं नाही." हे सगळं मला आठवत होतं. पण हे सांगितलं असतं तर बुवा लहान झाले असते, आणि त्यांच्याबरोबर मीही; म्हणून मी दूध आणि मिशी एवढंच सांगत आले.

त्या पायरीशी उभं राहून तरी हे त्याला सांगायला हवं होतं. मी एवढंच म्हटलं, "बैठकीला मात्र घेऊ नकोस."

"आणि नाही जमलं तर? सुकं गायलो तर?"

मी रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू बघ."

त्या दोन शब्दांत मी त्याला मोकळीक देत होते, हे मला बोलतानाच कळत होतं. त्यालाही कळलं असणार. तो "बरं" म्हणाला आणि माझ्यासाठी रिक्षा थांबवायला पुढे गेला.

बैठकीच्या सकाळी हॉल बऱ्यापैकी भरला होता. ठाण्याचे जाणकार, निवृत्त मंडळी, माझ्या क्लासच्या मुली. त्याची आई पुढच्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून बसली होती. साथीला आमच्या ओळखीचे तबलावाले काका होते. तंबोऱ्यावर मी स्वतः बसले. हा माझा जुना लाकडी तंबोरा. क्लासमध्ये सोय म्हणून आम्ही विजेवरचा लावतो, तोही आवाज कमी करून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. इथे तंबोऱ्याचा भोपळा माझ्या मांडीशी होता आणि तारा कानाला लागून.

तो स्टेजवर आला आणि माझ्याकडे बघून हसला. डोळे बघितल्यावर विचारायची गरज राहिली नाही.

पहिली काही मिनिटं चांगली गेली, हे खरं आहे. आवाज मोकळा होता, भीती नव्हती. मग तो गंधारावर आला. माझ्या कानाशी तारा झंकारत होत्या आणि त्या तारांखाली, स्पष्टपणे खाली, त्याचा गंधार पडला होता. त्याला खोल म्हणता आलं नसतं. तो नुसता उतरलेला होता. मी वाट बघितली की वर येईल. तो आला नाही. उलट गंधाराबरोबर रिषभ उतरला, मग षड्ज. एखाद्या कागदाचं टोक भिजावं आणि ओल वर चढत जावी तसं सगळं गाणं हळूहळू तंबोऱ्यापासून सुटत गेलं. त्याला पत्ता नव्हता. तो डोळे मिटून हसत होता.

बंदिश सुरू झाली तेव्हा तो समेवर येईना. तबलावाले काका सम जवळ आली की जरा मोठ्याने वाजवून त्याला दाखवत होते. तो कधी आधी यायचा, कधी ती निघून गेल्यावर. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर तारांवर ठेवली. एकच जागा त्याने परत परत घेतली, आणि दर वेळी ती नव्याने सापडल्यासारखी मान डोलावली. मग माझ्याकडून नकळत तेच झालं जे कल्याणला व्हायचं. मी मागून हळूच षड्ज लावला, त्याला उचलून धरायला. त्याला तोही ऐकू आला नाही.

त्याला वाटत होतं, आत्ताच सुरुवात केली आहे. मंडळाचे सेक्रेटरी बाजूच्या दाराशी उभे राहून हात करत होते, की पुढचे कलाकार थांबले आहेत. लोक चपला शोधू लागले. कुणी काही बोललं नाही. ठाण्याची माणसं सभ्य आहेत. शेवटी काकांनीच तिहाई वाजवून ते संपवलं. टाळ्या झाल्या. त्याच्या आईने सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या, आणि वाजवताना ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

आतल्या खोलीत तो माझ्या पाया पडला. चेहरा उजळलेला होता. "बाई, आज लागला ना गंधार? मला आतून कळत होतं."

"घरी जा," मी म्हणाले. "जेव, झोप काढ. उद्या ये, बोलू."

त्या संध्याकाळी मी पहिल्या रविवारचं रेकॉर्डिंग क्लासच्या मुलीकडून मागवून घेतलं आणि तंबोरा जुळवून, त्याच्याशेजारी फोन ठेवून ऐकलं. सुरुवातीचा षड्ज खरोखर सुंदर होता. गंधारावर पहिल्यांदा आला तेव्हाही तो जागेवर होता. आणि मग सकाळच्या बैठकीसारखाच तो उतरत गेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते नेमकं तिथे. मागे माझा हुंदकाही रेकॉर्ड झाला होता. तोडीचा गंधार खाली असतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून खाली गेलेला प्रत्येक गंधार मला खरा वाटला होता. तो सावकाश गात होता म्हणून मला ते गंभीर वाटलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून तो तल्लीन वाटला. मी काही घेतलं नव्हतं. माझ्याकडे ते निमित्तही नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. मंडळाने पाठवलेलं रेकॉर्डिंग मी त्याला लावून दिलं आणि समोर बसले. आधी तो कौतुकाने ऐकत होता. मग पुढे वाकला. मग त्याने हात मांडीखाली घेतले.

"हा मी आहे?"

"हो."

"मला तर असं... मला हे असं ऐकायला येत नव्हतं, बाई. मी पाच-दहा मिनिटंच गायलेलो."

"माहीत आहे."

"बंद करा."

मी बंद केलं. बराच वेळ तो सतरंजीचा दोरा ओढत बसला. मग म्हणाला, "आणि तो पहिला रविवार? तोही असाच?"

खोटं बोलायची माझी आणखी एक संधी होती. मी म्हणाले, "सुरुवात चांगली होती. मग उतरला. मला तेव्हा कळलं नाही."

"तुम्हाला कळलं नाही?"

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने ते असं विचारलं, जसं कुणी रोजच्या जिन्यात पायरी नसल्याचं बघून विचारेल. मी मान हलवली. तो उठला, चपला घातल्या, आणि नंतर बरेच महिने आला नाही.

मग एका सकाळी त्याच्या आई आल्या. आत यायला तयार नव्हत्या. मी आग्रह केला तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, तो गाणं ऐकतही नाही, बोलतही नाही, आता रोज ओढतो. ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं आहे. तुम्ही एकदा त्याच्याशी बोलाल का?

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणाले. "तो धूप. मी त्याला कधीच सांगितला नव्हता."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बाई, मी एवढी भोळी नाही. शाळेत जन्म गेला माझा, पोरांचे खिसे तपासण्यात. तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, देवच पावला. तुम्हाला मुद्दाम त्याच्या खोलीत बसवलं. मुद्दाम विचारलं. म्हटलं, बाई म्हणतील, नाही हो, मी कुठे सांगितलंय. मग आपण दोघी मिळून काहीतरी करू. माझं तो ऐकत नाही, पण तुमचं ऐकेल." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "तुम्ही हो म्हणालात. मग मी काय बोलणार? म्हटलं, यांना चालतंय, तर असेल यांच्या गाण्यात असंच काही."

आवाज चढला नाही त्यांचा. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "त्याचं काय आता," आणि चहा न घेता गेल्या.

मी ठाकुर्लीला गेले. एकदा गेले तेव्हा तो भेटला नाही, दुसऱ्यांदा भेटला. बुवांबद्दल जे लपवलं होतं ते सगळं मी त्याला सांगितलं, पेला फेकल्याचं आणि मागून षड्ज धरल्याचंही. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे आधी सांगायला हवं होतं." मी म्हणाले, "हो."

आता तो बुधवारी संध्याकाळी येतो, क्लास नसतो तेव्हा. डॉक्टरांकडे जाणं चालू आहे. काही आठवडे बरे जातात, काही नाही. मी आता सरळ विचारते, "आज घेतलंय का?" आणि तो सरळ सांगतो. घेतलं असेल त्या दिवशी आम्ही गात नाही. चहा पितो, तो ऑफिसातलं काहीतरी सांगतो आणि जातो. घेतलं नसेल त्या दिवशी फक्त षड्ज लावतो. त्याला ते नीरस वाटतं. "तंबोरा नुसता घोंघावतो, बाई," असं एकदा म्हणाला. "आत काहीच नाही." बुवांचे शब्द मला आठवले. याला मी कुठलंही आश्वासन देऊ शकत नाही. पूर्वी ऐकायला यायचं तसं पुन्हा येईल की नाही, मला खरंच माहीत नाही. तोडी आम्ही काढलेला नाही. त्याच्या आई कधी मंडईत दिसतात. मान हलवतात, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि पुढे जातात.

क्लास चालूच आहे. फोनवर एक ॲप असतं, स्वर वर आहे की खाली ते काट्याने दाखवणारं. मुलं ते वापरायची तेव्हा मी त्यांना ओरडायचे. आता ते माझ्याही फोनमध्ये आहे. परवा एका नवीन मुलीने शुद्ध गंधार लावला. फार सुरेख वाटला. माझे डोळे भरून येताहेत असं जाणवलं आणि मी घाबरून फोन पदराखाली घेऊन काटा बघितला. काटा मध्यावर होता. मुलीला वाटलं मी मेसेज वाचतेय. ती गायची थांबली आणि ओशाळून बघू लागली.

"चुकलं का, बाई?"

"नाही," मी म्हणाले. फोन पालथा ठेवला. "पुन्हा म्हण."